झाडावरचें आसन

ज्वारी निसवून कणसांत दाणा भरूं लागला म्हणजे देशावरच्या शेतांतून माळे उभे राहतात. चार मेढी रोवावयाच्या, त्यांवर आडवीं लांकडें बांधावयाचीं, वर तुराट्यांचा थर टाकावयाचा, कीं माळा तयार होतो. हातांत गोफण घेतलेला राखणदार पहांटेपासून त्यावर उभा असतो आणि पांखरांना हाकारीत असतो. शहरांत वाढलेल्या श्रोत्यांनींहि आगगाडीच्या खिडकींतून हें दृश्य केव्हांतरी पाहिलें असेल. हाच माळा रानांत गेला कीं त्याचें मचाण होतें. जुन्या शिकारकथांतून या मचाणाला मानाचें स्थान होतें. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या जिम कॉर्बेटनें १९२६ सालीं मारला तो गुलाबराय येथील एका आंब्याच्या झाडावर बसून. पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि भारतांत शिकारीचें मचाण मागें पडलें. आतां बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं ताडोबांत किंवा मेळघाटांत पाणवठ्याजवळच्या मचाणांवर जे हौशी लोक बसतात, ते जनावरें पाहण्यासाठीं व मोजण्यासाठीं बसतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हरणाची शिकार आजहि कायदेशीर आहे, आणि तेथें मचाण नाहींसें न होतां कारखान्यांत शिरलें आहे. तेथें तें लोखंडाचें किंवा ॲल्युमिनियमचें बनवितात, खोक्यांत घालून विकतात, आणि मोसम आला कीं मध्यम मिळकतीचे हजारों लोक तें पाठीवर बांधून रानांत नेतात. त्यास ‘ट्री स्टँड’ म्हणतात. त्याचा एक प्रकार ‘हँग-ऑन’ या नांवाचा, म्हणजे झाडाच्या खोडाला टांगावयाचें आसन. हें आसन स्वस्त असूनहि सुखाचें असावें अशी प्रत्येक घेणाऱ्याची इच्छा असते, आणि या दोन शब्दांचा अर्थ नीट न लावल्यानें दरसाल कित्येक धडधाकट माणसें पाठीचा कणा मोडून घेतात.

प्रथम सावजाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पांढऱ्या शेपटीचें हरीण हें तेथील मुख्य सावज. धोका जाणवतांच तें शेपटी उभारून पळतें आणि शेपटीची खालची पांढरी बाजू निशाणासारखी चमकते, म्हणून हें नांव. एकोणिसाव्या शतकांत मांसासाठीं व कातड्यासाठीं झालेल्या बेसुमार कत्तलीनें हीं हरणें इतकीं घटलीं कीं, १९०० च्या सुमारास साऱ्या देशांत तीं पांच लाखांहून अधिक उरलीं नसावींत असा अंदाज आहे. त्याच सालीं झालेल्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या जनावरांचा एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत होणारा व्यापार बंद केला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व दारूगोळा यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनाकडे लावलें. आज हीं हरणें तीन कोटींच्या घरांत आहेत असें मानतात. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून नाहींसे झाल्यामुळें त्यांची संख्या आटोक्यांत ठेवण्याचें काम पुष्कळसें परवानेवाल्या शिकाऱ्यांकडेच आलें आहे. अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या घरांना हें पटेल किंवा न पटेल. तो वाद मोठा आहे आणि येथें त्यांत शिरण्याचें कारण नाहीं. झाडावर चढलेला माणूस सुखरूप खालीं कसा येईल एवढाच प्रश्न येथें घ्यावयाचा आहे.

विस्कॉन्सिन संस्थानांतील एखाद्या कागदाच्या गिरणींत काम करणारा चाळिशीचा एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. घरीं बायको व दोन मुलें आहेत. सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्यबाणाच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. नोव्हेंबरांत, कृतज्ञता-दिनाच्या आधींच्या शनिवारपासून, बंदुकीचे नऊ दिवस येतात. एक मोठी हरणी मिळाली तर चाळीसएक पौंड मांस घरच्या शीतपेटींत पडतें आणि हिवाळ्यांतला बराच खर्च वांचतो. तेव्हां ही केवळ चैन नव्हे. मात्र तिच्यासाठीं बाजूला काढलेली रक्कम अडीचशें डॉलर आहे, आणि ती घरांत दोघांनीं मिळून ठरविलेली असल्यामुळें तिच्यांत एकहि डॉलर वाढावयाचा नाहीं.

या गृहस्थानें झाडावर कां चढावें? हरणाचें नाक अति तिखट असतें. खालच्या वाऱ्यानें आलेला माणसाचा गंध त्यास फार दुरून कळतो. माणूस पंधरा-वीस फूट वर असला तर तो गंध कांहीं अंशीं डोक्यावरून निघून जातो. कांहीं अंशींच म्हणावयाचें, कारण पहांटे थंड हवा उताराकडे खालीं वाहते आणि ऊन तापलें कीं वर चढूं लागते; तिच्याबरोबर गंधहि खालींवर होतो. दुसरें, हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानें त्यास जवळजवळ सर्व बाजूंचें दिसतें. तांबडा रंग त्यास ओळखतां येत नाहीं, म्हणून बंदुकीच्या मोसमांत एकमेकांच्या गोळीपासून वांचण्यासाठीं शिकाऱ्यांना जे भडक नारिंगी कपडे कायद्यानें घालावे लागतात ते हरणाला फिकट, मळकट दिसतात. (विस्कॉन्सिननें २०१६ सालीं भडक गुलाबी रंगासहि मान्यता दिली. तो खरोखर कितींनीं वापरला असेल ही शंकाच आहे.) रंगाला फसणारें हें जनावर हालचालीला मात्र कधींच फसत नाहीं. नाक खाजविण्यासाठीं हात वर गेला, बूट सरकला, कीं संपलें. उंचीवरच्या माणसाची हालचाल थोडी कमी नजरेंत येते, आणि वरून मारलेली गोळी किंवा बाण चुकला तरी पुढें न जातां जमिनींत शिरतो, हाहि एक मोठा लाभ.

झाडावर बसण्याचे प्रकार अनेक आहेत. शिडीचें आसन सर्वांत आरामाचें. परंतु तें जड, उभें करण्यास दोन-तीन माणसें लागतात, आणि एकदां उभें केलें कीं बहुधा मोसमभर तेथेंच राहतें. दुसरें ‘क्लायंबर’, म्हणजे माणसाबरोबर खोडावरून वर सरकत जाणारें. त्यास सरळसोट, बिनफांद्यांचें झाड हवें. टांगत्या आसनाला अशी अट नाहीं. फांद्या असल्या तरी चालतें, खोड थोडें कललेलें असलें तरी चालतें, आणि एक माणूस तें पाठीवर नेऊं शकतो. ओकच्या झाडाखालीं हरणें गळालेलीं फळें खाण्यास येऊं लागलीं तर तें त्या बाजूस हलवितां येतें. शिवाय किंमत कमी. म्हणून आपला गृहस्थ त्याच प्रकाराकडे वळतो, आणि तें योग्यच आहे.

या आसनाची रचना अगदीं साधी असते. खोडाला लागून एक उभा दांडा; त्याच्या तळाशीं पाय ठेवण्याची जाळीदार चौकट, वरच्या बाजूस बसण्याची बैठक. दोन पोलादी तारा चौकटीच्या पुढच्या कोंपऱ्यांपासून दांड्याच्या माथ्याशीं जातात आणि तिला तोलून धरतात. मागें खोडाला रुतणारे दांते असतात, आणि सारें ओझें एक-दोन मजबूत पट्ट्यांनीं झाडाला बांधलेलें असतें. माणसाचें वजन पडलें कीं दांते सालींत अधिकच घट्ट बसतात. भिंतीला टेकविलेला घडवंचीचा फळा जसा वजनानेंच पक्का होतो, तसाच हा प्रकार.

आतां ‘सुखाचें’ या शब्दाकडे वळावें. हा शब्द ऐकतांच पुष्कळांना वाटतें कीं, ही नाजूक माणसांची मागणी आहे. खऱ्या शिकाऱ्याला फळकुटावरहि बसतां आलें पाहिजे. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय घातकहि आहे. शिकारी उजाडण्यापूर्वीं चढतो आणि तीन-चार तास बसतो. नोव्हेंबरांत नर हरणें माजावर आलीं म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारेहि असतात. थर्मामीटरचा पारा गोठणबिंदूच्या खालीं असतो. अशा वेळीं बैठक चार इंच बुटकी असली तर गुडघे छातीकडे येतात आणि कंबर धरते. बैठकीची पुढची कड टणक असली तर ती मांडीच्या मागच्या बाजूस रुतते, रक्ताचा ओघ मंदावतो आणि पाय बधिर होतात. मग मनुष्य चुळबूळ करूं लागतो. त्या चुळबुळीनें हरीण गेलें तर एका दिवसाची मेहनत गेली, त्याचें फारसें कांहीं नाहीं. पण बधिर झालेल्या पायांवर तो दुपारीं उठून उभा राहतो तेव्हां त्याच्या पायाखालीं दोन फूट रुंदीची चौकट असते आणि तिच्याखालीं अठरा फूट पोकळी. मुंग्या आलेला पाय जमिनीवर टेकला तरी तोल जातो, हा अनुभव प्रत्येकाला आहे. येथें तो तोल जाण्याला जागाच नाहीं. म्हणून या वस्तूंत सुख आणि सुरक्षितता हीं वेगळीं काढतां येत नाहींत.

बैठकीचे प्रकार मुख्यतः दोन. एक फोमच्या गादीची. दुकानांत ती अंगठ्यानें दाबून पाहिली तर फार बरी वाटते. पण स्वस्त फोम एका मोसमांत चपटा होतो, पावसांत स्पंजासारखा पाणी पितो, आणि खारींना तर घरटें करण्यासाठीं तो फारच आवडतो. गादी नुसती अडकविलेली असेल तर ती काढून घरीं नेतां येते. तेवढी सोय असली म्हणजे फोमला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. दुसरा प्रकार जाळीदार कापड चौकटीवर ताणून बसविलेल्या बैठकीचा. नवारीच्या खाटेवर ज्यानें रात्र काढली आहे त्याला तिचें मर्म सांगावयास नको. अंगाचा भार एका जागीं न पडतां सर्वत्र विभागला जातो, कड टोंचत नाहीं, आणि पाणी खालीं निथळून जातें. दिवसभर बसणारे लोक बहुधा हीच पसंत करतात. तिची किंमत अधिक पडते, परंतु अलीकडे साध्या लोखंडी आसनांतहि ती मिळूं लागली आहे.

दुकानांत निवड करतांना आपल्या गृहस्थानें काय करावें? कित्येक दुकानांतून हीं आसनें जमिनीपासून हातभर उंचीवर एका खांबाला लावून ठेविलेलीं असतात. तेथें त्यानें आपला हिवाळ्याचा जाड कोट व बूट घालून जावें आणि निदान पंधरा मिनिटें बसावें. विक्रेता मनांत हंसेल, हंसूं द्यावें. पाठ खांबाला टेकवून बसल्यावर मांड्या जमिनीशीं समांतर राहतात कीं नाहीं हें पाहावें. मग उभें राहावें. बैठक वर दुमडून खोडाशीं लागली पाहिजे, नाहींतर उभें राहतांना ती पोटरीला ढकलीत राहते आणि माणूस नकळत कडेकडे सरकतो. चौकटीवर बुटाची टांच व चवडा दोन्ही पूर्ण टेकतात कां, जाळीच्या फटींत टांच अडकते कां, तेंहि पाहावें. नंतर बैठक खालींवर करून कान द्यावा. सांध्यांतून किंचितहि कुरकुर निघत असेल तर थंडींत ती दसपट होते, आणि धातूचा तो बारीक आवाज हरणाला रानांत कसा ऐकूं जातो हें सांगण्याची गरज नाहीं. तथापि एवढ्या एका दोषासाठीं चांगलें आसन सोडूं नये. सांध्यांत नायलॉनच्या चकत्या घातल्या कीं पुष्कळदां काम भागतें.

वजनाचीहि परीक्षा हवी. लोखंडी आसन पंधरा-वीस पौंडांपर्यंत भरतें, ॲल्युमिनियमचें बरेंच हलकें असतें. मैल-दीड मैल चालणें असेल तर हा फरक खांद्यांना कळतो. पण खरा प्रश्न चालण्याचा नाहीं. झाडावर चढून, एका हातानें तोल सांभाळीत, तें आसन छातीच्या उंचीला उचलून टांगावें लागतें. म्हणून दुकानांतच तें एका हातानें छातीपर्यंत उचलून क्षणभर धरून पाहावें. जें धरवत नाहीं तें, कितीहि सुखाचें असलें तरी, घेऊं नये. कांहीं आसनांना वेगळी खुंटी मिळते. ती आधीं पट्ट्यानें झाडाला बांधावयाची आणि मग आसन वरून तींत अडकवावयाचें. ही सोय थोडे पैसे अधिक देऊनहि घेण्यासारखी आहे, कारण सर्वांत अवघड क्षण तिच्यामुळें सोपा होतो. आसनावर जी भारमर्यादा छापलेली असते, बहुधा तीनशें पौंड, ती उघड्या अंगाच्या माणसाची नव्हे. कपडे, बूट, पिशवी, धनुष्य किंवा बंदूक हें सर्व तींत धरावयाचें असतें.

आतां पैशाचा हिशोब. टांगत्या आसनांच्या किंमती ढोबळ मानानें अशा आहेत: साधीं लोखंडी आसनें पन्नास ते शंभर डॉलरांच्या आसपास मिळतात, ॲल्युमिनियमचीं, जाळीच्या बैठकीचीं, दीडशेंपासून तीनशेंपर्यंत जातात, आणि ओतीव ॲल्युमिनियमचीं, पिसासारखीं हलकीं, त्याहूनहि महाग. अडीचशें डॉलर खिशांत घेऊन आलेल्या माणसाला सव्वादोनशेंचें आसन दिसलें म्हणजे हात तिकडेच वळतो. पण आसन आपोआप झाडावर चढत नाहीं. चढण्यासाठीं पायऱ्यांच्या कांठ्या हव्यात, त्या खोडाला पट्ट्यांनीं बांधावयाच्या असतात. सरकारी रानांत झाडाला खिळे किंवा स्क्रू मारण्यास बहुतेक ठिकाणीं मनाई आहे, तेव्हां घरचे खिळे ठोकून पैसे वांचविण्याचा मार्ग तेथें बंद, आणि तें चांगलेंच आहे. गंजलेल्या खिळ्यांच्या पायऱ्यांनीं अनेकांना खालीं आणलें आहे. त्यानंतर अंगावरचा पट्टा, म्हणजे हार्नेस; आणि खोडाला वरपासून खालपर्यंत बांधून सोडलेला दोर, म्हणजे लाइफलाइन. शंभर डॉलरांचें लोखंडी पण जाळीच्या बैठकीचें आसन, साठांच्या कांठ्या, चाळिसांचा दोर आणि पन्नासांचा हलका, सुटसुटीत हार्नेस, अशी बेरीज बसविली तर अडीचशें पुरतात. आसन चार-पांच पौंडांनीं जड झालें, एवढीच काय ती तडजोड.

येथें कोणी म्हणेल कीं, हार्नेस तर आसनाच्या खोक्यांतच येतो, मग वेगळा कां घ्यावा? प्रश्न योग्य आहे. झाडावरच्या आसनांच्या कारखानदारांची ‘ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन’ नांवाची संघटना आहे. तिचें प्रमाणपत्र मिळविणाऱ्या आसनाची ए. एस. टी. एम. या संस्थेच्या मानकांप्रमाणें परीक्षा व्हावी लागते, आणि प्रत्येक आसनाबरोबर अंगभर हार्नेस द्यावा लागतो. तो निरुपयोगी नसतो. पैसे अगदींच नसतील तर तोच वापरावा. त्याचा दोष इतकाच कीं, तो नुसत्या पट्ट्यांचा गुंता असतो. पहांटेच्या अंधारांत, गोठलेल्या बोटांनीं, जाड कोटावरून तो चढविणें इतकें कंटाळवाणें होतें कीं दोन दिवसांनीं तो मोटारींतच राहतो. अंगरख्यासारखा एका क्षणांत चढविण्याजोगा हार्नेस अधिक मजबूत असतो असें नव्हे. तो रोज अंगावर चढतो, हा त्याचा गुण. पैसे द्यावयाचे ते या सवयीसाठीं.

जुन्या बाजारांतून आसन घेण्याचा मोह अनेकांना होतो. चौकट सरळ असेल, सांध्यांच्या जोडांत भेगा नसतील, भारमर्यादेची पाटी जागेवर असेल, तर तेंहि घेण्यास हरकत नाहीं; मात्र दोन गोष्टी पाहाव्या. तारांवर प्लास्टिकचें वेष्टण असतें. त्याच्या आंत गंज बसलेला वरून दिसत नाहीं, म्हणून टोंकांशीं वेष्टण बोटांनीं वांकवून तपासावें. दुसरें, ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठीं नेमलेल्या संघराज्याच्या आयोगामार्फत आजवर अनेक नमुने सदोष म्हणून परत मागविले गेले आहेत. आपला नमुना त्यांत नाहीं ना, हें पाहून घ्यावें. जुने पट्टे मात्र फुकट मिळाले तरी नकोत. सूर्यप्रकाशानें त्यांचा धागा आंतून कुजतो. खारी ते कुरतडतात. झाड वर्षभरांत जाड होतें आणि पट्ट्याला ताण बसतो. दोन वर्षांत पट्टे बदलावे अशी कारखानदारांची सर्वसाधारण सूचना असते.

आसन घरीं आलें. तें प्रथम अंगणांतल्या झाडावर, जमिनीपासून दोन फुटांवर, दिवसाउजेडीं लावून पाहावें. शेजारी विचारतील, मुलें त्यावर चढूं पाहतील. पण जी चूक व्हावयाची ती तेथें होते आणि दोन फुटांवरून होते. रानांतलें झाड जिवंत व निरोगी असावें. साल सुटलेली, फांद्या वाळलेल्या, बुंध्याशीं अळंबी उगवलेली अशीं झाडें सोडून द्यावीं. ज्याची साल पापुद्र्यासारखी सुटून येते त्या झाडावर दांते रुतत नाहींत. उंची पंधरा ते वीस फूट पुरे. पंचवीसवर गेल्यानें शिकार सोपी होत नाहीं. उलट नेमाचा कोन अवघड होतो आणि भीति मात्र वाढते.

टांगतांना दोन्ही हात मोकळे हवेत. त्यासाठीं विजेच्या खांबावर चढणारा वायरमन जसा कमरेचा पट्टा खांबाभोंवतीं घेऊन मागें रेलतो, तसाच पट्टा खोडाभोंवतीं घ्यावा. कोंकणांत माडावर चढणारे लोक दोराचा फांस पायांत घालतात. चढण्यास तो उत्तम, परंतु त्यांना वर गेल्यावर पंधरा पौंडांचें लोखंड टांगावयाचें नसतें. आसन बसलें कीं लाइफलाइन त्याच्याहि वर, डोक्याच्या उंचीला बांधावी आणि तिचें दुसरें टोंक बुंध्याशीं. या दोरावर एक लहान फांस फिरत असतो. तो हातानें सरकविला तर सरकतो, पण एकदम झटका बसला कीं दोराला मगरमिठी मारतो. ही प्रुसिक गांठ. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकानें ती १९३१ सालीं प्रसिद्ध केली. हिमालयांत व आल्प्समध्यें जी गांठ माणसें वांचविते तीच येथें चाळीस डॉलरांत मिळते.

या दोराचें महत्त्व एवढ्यासाठीं कीं, पडण्याचे पुष्कळसे अपघात आसनावर बसलें असतांना होत नाहींत. ते चढतांना होतात, उतरतांना होतात, आणि सर्वांत अधिक धोका कांठीवरून आसनावर पाय टाकण्याच्या त्या एका पावलांत असतो. ज्याचा हार्नेस वर पोहोंचल्यावर झाडाला बांधला जातो, तो नेमक्या त्या पावलापुरता उघडा राहतो. लाइफलाइन असेल तर पाय जमिनीवरून सुटण्यापूर्वींच माणूस बांधलेला असतो आणि परत जमिनीला टेकेपर्यंत बांधलेलाच राहतो. कांठ्यांचें वरचें टोंक आसनाच्या चौकटीहून वर गेलेलें असावें, म्हणजे आसनावर खालीं उतरावयाचें असतें, वर चढावयाचें नसतें. एवढ्या एका कांठीनें ते पाऊल निर्धोक होतें.

बसल्यावर हार्नेसचा दोर ताठ असावा, ढिला नसावा. ढिल्या दोरानें माणूस आधीं तीन फूट पडतो आणि मग झटका बसतो. आणि पडलाच, तर पट्ट्यांत निश्चल लोंबकळत राहणें हेंहि संकटच आहे. मांड्यांवरील पट्ट्यांच्या दाबानें पायांतलें रक्त हृदयाकडे परतत नाहीं आणि थोड्या वेळांत शुद्ध हरपते. त्यासाठीं खिशांत एक पट्ट्याचा फांस ठेवतात. त्यांत पाय देऊन उभें राहिलें कीं मांड्यांचा दाब सुटतो. तो फांस, शिट्टी आणि टेलिफोन हीं तिन्ही अंगावरच्या खिशांत हवींत. पिशवी फांदीला टांगलेली असते, आणि लोंबकळणाऱ्याचा हात तिथवर पोहोंचत नाहीं.

बंदूक किंवा धनुष्य हातांत घेऊन चढणें हा तर निव्वळ अविचार. बंदूक रिकामी करावी, दोरीला बांधावी, नळी जमिनीकडे राहील अशी, आणि वर बसून हार्नेस तपासल्यावर मग ती ओढून घ्यावी. संध्याकाळीं याच क्रमानें उलट. संध्याकाळची वेळ विशेष जपण्याची, कारण तेव्हां माणूस थकलेला, गारठलेला आणि घराची ओढ लागलेला असतो; कांठ्यांवर दंव पडलेलें असतें आणि उजेड गेलेला असतो. त्यांतून हरीण पडलेलें असेल तर उत्साहानें पायऱ्या मोजण्याचें भान राहत नाहीं. हरीण तेथेंच पडून राहणार आहे. त्याला घाई नसते.

आपल्या गृहस्थाच्या घरीं दाराजवळच्या भिंतीवर एक कागद लावलेला असावा. कोणतें रान, कोणतें झाड, अंधार पडल्यावर किती वाजेपर्यंत वाट पाहावयाची आणि नंतर कोणाला टेलिफोन करावयाचा, हें त्यावर त्यानें निघण्यापूर्वीं लिहावें. अडीचशें डॉलरांच्या हिशोबांत या कागदाची किंमत धरलेली नाहीं. जानेवारींत मोसम संपला कीं त्यानें रानांत पुन्हा एकदां जावें, आसन उतरवून घरीं आणावें, तारा पुसाव्या, सांध्यांना तेल द्यावें. वापरून दोन मोसम झालेले पट्टे त्याच दिवशीं कात्रीनें कापून टाकावे. नुसते कोंपऱ्यांत ठेविले तर पुढच्या सप्टेंबरांत, घाईच्या सकाळीं, तेच हातीं लागतात.